सोयगावची तोंडी परीक्षा

छत्रपती संभाजीनगरला जाऊन आलेला माणूस लेण्यांबद्दल बोलतो, मकबऱ्याबद्दल बोलतो, नाहीतर हिमरू शालीची घडी उलगडून दाखवतो. मी गेल्या जानेवारीत तिकडे चार दिवस होतो आणि यातलं काहीच पाहिलं नाही. मला एका माणसाला भेटायचं होतं. ती भेट मी चाळीस वर्षं लांबवली होती. आता वय चौऱ्याऐंशी आहे, आणखी लांबवायला जागा उरलेली नाही.

आधी काय घडलं होतं ते सांगतो, म्हणजे पुढचा प्रवास कळेल.

मी पुण्यात पाली आणि बौद्ध तत्त्वज्ञान शिकवत असे. चाळिशी ओलांडली होती तेव्हा मराठवाड्यातून पीएच.डी.चा एक प्रबंध माझ्याकडे तपासायला आला. उमेदवाराचं नाव पुंजाराम. सोयगावकडचा, मेंढपाळ घरातला, औरंगाबादेत (तेव्हा हेच नाव होतं) एका कॉलेजात हंगामी प्राध्यापक. विषय होता क्षणवाद आणि कर्मफळ. बौद्ध विचारवंतांचं म्हणणं असं, की प्रत्येक गोष्ट क्षणोक्षणी नाश पावते आणि नवी उपजते. माणसाचं मनही तसंच. मग काल ज्यानं वाईट काम केलं तो कालच संपला. आज त्याचं फळ कुणी भोगायचं? या एका प्रश्नावर त्यानं अडीचशे पानं लिहिली होती.

मी संदर्भ तपासायला बसलो. प्रबंधाचा सगळा डोलारा पाली टीकाग्रंथांतल्या अकरा उताऱ्यांवर उभा होता आणि प्रत्येकापुढे पान क्रमांक दिलेला होता. मी कपाटातली नागरी लिपीतली प्रत काढून ती पानं उघडली. एकही उतारा त्या पानावर नव्हता. मी अहवालात लिहिलं : संदर्भ बनावट आहेत, उदाहरणे ग्राम्य आहेत, प्रबंध अस्वीकृत करावा. खाली सही केली.

आता आमच्या विषयातली एक गोष्ट सांगायला हवी. पाली ग्रंथांचा संदर्भ देताना जगभरचे लोक रोमन लिपीतल्या छापील आवृत्तीची पानं देतात. ती आवृत्ती सगळीकडे मिळत नाही. म्हणून नागरी प्रत छापणारे ते रोमन पानांचे आकडे समासात बारीक टाइपात देतात. ज्याच्याकडे नुसती नागरी प्रत आहे तो समासातला आकडा उचलतो. पुंजारामनं तेच केलं होतं, आणि तसं केल्याची नोंद प्रबंधाच्या सुरुवातीला संक्षेपसूचीत, म्हणजे ग्रंथनावांच्या लघुरूपांच्या यादीत, नवव्या पानावर, केलेली होती. संक्षेपसूची मी वाचली नव्हती.

तीन महिन्यांनी त्याचं पत्र आलं. त्यात अकरा ओळींचा तक्ता होता. डाव्या बाजूला समासातला आकडा, उजव्या बाजूला नागरी प्रतीचं पान. मी पुन्हा कपाट उघडलं आणि एकेक उतारा पडताळला. अकराच्या अकरा बरोबर. मग मी ते पत्र प्रबंधात ठेवलं, प्रबंध ट्रंकेत ठेवला, आणि उत्तर लिहिलं नाही. त्याच महिन्यात मी विभागप्रमुख होणार होतो. पालीचा परीक्षक समास वाचत नाही, हे माझ्या सहीनिशी कुठल्या कागदावर जायला मला नको होतं. पुंजारामचं हंगामी काम सुटलं. तो सोयगावला शाळेत मास्तर झाला, एवढं पुढे कानावर आलं.

गेल्या दिवाळीनंतर मी पत्रावरच्या सोयगावच्या जुन्या पत्त्यावर कार्ड टाकलं : तुमच्या प्रबंधाबाबत प्रत्यक्ष बोलायचे आहे, येऊ का? आठव्या दिवशी उत्तर आलं. अक्षर तेच, थोडं थरथरलेलं. 'या. जेवायला थांबा.'

पहिला दिवस : मुकुंदवाडी

माझी भाची सुनंदा मुकुंदवाडीला राहते, रेल्वे स्टेशनच्या मागच्या अंगाला. स्टेशन एवढंसं आहे. पॅसेंजर थांबली की फलाटावरची माणसं घाई न करता चढतात. सुनंदाच्या सासरची जमीन इथेच होती. आता त्या जमिनीवर कॉलन्या उभ्या आहेत, आणि तिचा नवरा एका कारखान्यात सुपरवायझर आहे. अंगणाच्या कोपऱ्यात मात्र चार वाफे मेथी आणि कांद्याची पात अजून असते. तेवढी शेती सुटलेली नाही.

सुनंदानं धपाटे केले होते, वर घट्ट दही. पुण्यात आमच्याकडे पाहुण्याला 'आणखी वाढू का' असं विचारतात आणि पाहुणा 'नको' म्हणतो. इथे विचारतच नाहीत. मी ताटावर हात आडवा धरला, तर हाताच्या वरून धपाटं आलं.

जेवता जेवता मी तिला सगळं सांगितलं. आजवर घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. तिनं ऐकून घेतलं, मग म्हणाली,

"मामा, मग हे पोस्टानं लिहून पाठवायचं ना. ह्या वयात एसटीनं सोयगाव?"

"पोस्टानं आलेलं उत्तर दडपायची सोय असते, सुनंदा. मीच दडपलं होतं."

"तो माणूस चिडला म्हणजे?"

"चिडू दे."

"धरून हाणलं म्हणजे?"

"तो सत्तरीच्या पुढचा आहे गं."

"गावाकडचे सत्तरीचे लई दणकट असतात," ती म्हणाली. "मी येते संगं. एकट्यानं नाय जायचं."

दुसरा दिवस : औरंगपुरा

ट्रंकेतून काढलेल्या प्रबंधाची शिवण सुटली होती आणि कडा वाळवीनं कुरतडल्या होत्या. तसा तो माणसाच्या हाती देणं बरं दिसेना. म्हणून रिक्षा करून औरंगपुऱ्यात गेलो. दुकानं, क्लासेस, पुस्तकांचे ढीग, दुचाक्या, आणि या सगळ्यातून वाट काढत उसाच्या रसाची गाडी. मी पूर्वी परीक्षेच्या कामानं इथे यायचो तेव्हा गल्लीतून निदान सरळ चालता यायचं.

एका बोळात करीमभाईंचं जिल्दीचं दुकान सापडलं. दुकान म्हणजे तीन फूट रुंद जागा. आत खळीचा वास, आणि भिंतीला टेकून काळ्या रेक्झिनच्या प्रबंधांची चळत. करीमभाईंनी पानं हातात घेतली, अंगठा फिरवला आणि जीभ टाळूला लावून 'च्च' केलं.

"साब, किधर रखे थे इसकू?"

"ट्रंकेत."

"चालीस साल का कागज है ये. कपड़े की पट्टी लगाना पड़ता. शाम कू आओ. नाम क्या डालने का?"

मी कागदावर प्रबंधाचं शीर्षक आणि पुंजारामचं नाव लिहून दिलं. संध्याकाळी सुनंदाचा नवरा कामावरून येताना वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं घेऊन आला. मी ते उघडलं नाही. उघडायला हवं होतं. समास न वाचणारा माणूस म्हातारपणीही सुधारत नाही.

तिसरा दिवस : सोयगाव

सकाळी सुनंदाला घेऊन सिल्लोडमार्गे जाणारी एसटी धरली. पंचाहत्तरी उलटलेल्याला एसटीत तिकीट लागत नाही. कंडक्टरनं आधार कार्ड बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आजोबा, कार्डावर लई तरुण दिसता."

फुलंब्री मागे पडली की मोकळं रान लागतं. कापूस वेचून झालेला होता, पऱ्हाट्या काळ्या पडून उभ्या होत्या. मधेच ज्वारीचा हिरवा पट्टा. सिल्लोडला रस्त्याच्या कडेनं मक्याचे ढीग आणि वाळत घातलेल्या लाल मिरच्या; बसमधली निम्मी माणसं एकदम खोकायला लागली. तिथे दहा मिनिटं गाडी थांबली तेव्हा मी पुडकं सोडलं. काळी जिल्द झकास जमली होती. त्यावर सोनेरी अक्षरांत शीर्षक, आणि खाली : डॉ. पुंजाराम.

मी कागदावर 'डॉ.' लिहिलेलं नव्हतं. सुनंदानं तिथल्या तिथे पावतीवरच्या नंबरवर करीमभाईंना फोन लावला. माझ्या कानाशी फोन धरला तर ते खुशीत होते.

"अब्बा, काली जिल्द कौन बनवाता? डॉक्टरच बनवाता ना! आप लिखना भूल गए, मैं डाल दिया. उसका पैसा नै लगाया."

आता करायचं काय? वर्तमानपत्र परत गुंडाळलं. ज्याची पदवी मी अडवली त्याच्याच हातात, सोन्याच्या अक्षरांत ती पदवी छापून द्यायला मी निघालो होतो. गाडी अजिंठ्याचा घाट उतरली. खाली फर्दापूरला लेण्यांचे प्रवासी उतरले. बस अर्धी रिकामी होऊन सोयगावच्या रस्त्याला लागली. इथून पुढे मातीचा आणि बोलीचाही रंग बदलतो, खानदेश जवळ येतो. केळीच्या बागा दिसायला लागतात. एका वळणावर मेंढ्यांचा कळप आडवा आला आणि ड्रायव्हरनं हॉर्न न वाजवता गाडी उभी केली. पुण्यात हे मी कधी पाहिलेलं नाही.

पुंजाराम स्टँडवरच उभा होता. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, पायात गावठी जोडे. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं.

"सर," त्यानं नमस्कार केला. "लई वर्सांनी आलात."

"पहिल्यांदाच आलो."

"तेच म्हणतोय मी."

घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी आणि कडुनिंब. त्याची बायको गयाबाई दारात उभी होती. तिनं माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं.

"ह्येच का ते पुण्याचे?"

"व्हय, हेच," पुंजाराम म्हणाला.

"बसा," ती मला म्हणाली. "चाळीस वर्सं ह्या घरात जेवताना तुमचं नाव निघतंय. एकदा कुत्रं आणलं तर हे म्हणाले, त्याला पुण्याच्या सायबाचं नाव ठेवू. मीच नको म्हनलं. कुत्रं इमानी असतंय."

सुनंदाला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाला लावला. मी खुर्चीत बसलो, पाण्याचा तांब्या घेतला, आणि पुण्यापासून घोकत आणलेलं वाक्य बोलायला लागलो. पुंजारामनं हात वर केला.

"आधी जेवण. उपाशीपोटी कबुली घेऊ नये, पोलीससुद्धा घेत नाहीत."

कळण्याची भाकरी, चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्यात पात आणि शेंगदाणे, मिरचीचा ठेचा, ताक. कळणा म्हणजे ज्वारीत उडीद मिसळून दळलेलं पीठ. भाकरी काळपट होते आणि तिला वेगळीच खमंग चव असते. ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. गयाबाई म्हणाली, "आत्ताच रडू नका, आजून लई बाकी हाय."

जेवण झाल्यावर मी जुनं पत्र काढलं आणि सगळं सांगितलं. संक्षेपसूची वाचली नाही, हे सांगितलं. तक्ता पडताळला होता, अकराही जागा बरोबर निघाल्या होत्या, आणि तरी गप्प बसलो, हेही सांगितलं. पुंजाराम मान खाली घालून सुपारी कातरत होता. माझं संपलं तरी कातरत राहिला.

"मला वाटायचं, पत्र पोचलंच नाय," शेवटी तो म्हणाला. "पोस्टाला लई शिव्या दिल्या मी."

मग प्रबंध द्यायची वेळ आली. मी आधीच सांगून टाकलं की वर छापलंय ते जिल्दवाल्यानं स्वतःच्या मनानं छापलं आहे. त्यानं पुडकं सोडलं. सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवलं. गयाबाईला वाचता येत होतं. ती मागून वाकून वाचत होती.

"झाले की डॉक्टर," ती म्हणाली.

"हे औरंगपुऱ्यातून झालो," पुंजाराम म्हणाला. "विद्यापीठातून नाय." आणि माझ्याकडं वळला. "सर, माझी तोंडी राहिलीय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : प्रबंध पसंत पडला की उमेदवाराची तोंडी परीक्षा होते. ती खुली असते, कुणीही येऊन बसावं. बाहेरचा परीक्षक प्रश्न विचारतो, जमलेल्यांपैकी कुणीही विचारू शकतो. आणि आपल्याकडची रीत अशी, की निकाल लागायच्या आधीच उमेदवाराच्या घरच्यांनी चहा आणि पोहे तयार ठेवलेले असतात. पुंजारामचा प्रबंध तिथपर्यंत पोचलाच नव्हता.

"आत्ता?" मी विचारलं.

"परीक्षक आलेत, उमेदवार हजर आहे. गयाबाई, पोहे टाक."

"मार्गदर्शक?"

"ते वारले. त्यांची खुर्ची ठेवू."

खरोखरच एक खुर्ची मोकळी ठेवली. शेजारचे दगडूबा आले, हयातभर मेंढ्या राखलेले. बरोबर दोघंतिघं शेतकरी, आणि शाळेतून रिटायर झालेल्या एक बाई. निंबाखाली सतरंजी पडली. पुंजारामनं आत जाऊन कोट घातला. कोट खांद्यात सैल झाला होता. मी त्याला बसा म्हणालो.

"उमेदवारानं उभं राहायचं असतं, सर. चाळीस वर्सं बसूनच होतो."

पहिला प्रश्न नेहमीचा : विषय थोडक्यात सांगा. त्यानं सांगितला, आणि अशा भाषेत सांगितला की दगडूबा मान हलवत होते. मी तेहतीस वर्षं शिकवलं. माझ्या वर्गात अशी मान हललेली मला आठवत नाही.

दुसरा प्रश्न विचारणं भागच होतं. मी म्हणालो, "संदर्भांचे पान क्रमांक कुठल्या आवृत्तीचे आहेत?"

"रोमन आवृत्तीचे, सर. आमच्या लायब्ररीत ती नव्हती. नागरी प्रतीच्या समासातून घेतले. तशी नोंद संक्षेपसूचीत आहे, पान नऊ."

एवढंच. अर्धं मिनिटही लागलं नाही. त्या काळी एक कार्ड टाकून मी हे विचारलं असतं तर या माणसाचं आयुष्य वेगळ्या गावात गेलं असतं. चुलीवर पोहे परतल्याचा आवाज येत होता.

"पुढचा प्रश्न, सर," पुंजाराम म्हणाला.

"ज्यानं कर्म केलं तो त्याच क्षणी संपला, असं तुम्ही मानता. मग फळाला जबाबदार कोण?"

"हे परीक्षक म्हणून विचारता का स्वतःसाठी?"

"परीक्षक म्हणून."

"मग सांगतो. पाली टीकाकार म्हणतात, मनाचा ओघ असतो. क्षण जातात, ओघ चालतो, फळ त्याच ओघात उगवतं. आता माझं ग्राम्य उदाहरण." तो शब्द त्यानं हसत उच्चारला. "दिवाळीनंतर आमचा कळप खाली उतरतो. वर्सानं त्याच वाटेनं परत येतो तेव्हा काही मेंढरं मेलेली, काही विकलेली, निम्मी कोकरं नवी. तरी शेतकरी वाटेत आडवा होतो : मागल्या साली तुमच्या कळपानं माझी तूर खाल्ली. मेंढका काय म्हणतो, दगडूबा?"

"म्हणतो, खाल्ली बाबा," दगडूबा म्हणाले. "नाय म्हनून कसं चालंल?"

"ती मेंढरं आता नाहीत, असं म्हणत नाही?"

"आसं म्हनला तर पुढल्या साली त्याला रानात कोन बसू देईल?"

"तेच माझं प्रतिपादन आहे," पुंजाराम माझ्याकडं वळून म्हणाला. "ओघ आपोआप चालत नाही. मागचं कबूल केलं की तो पुढं चालतो. कबूल केलं नाही तर मेंढका राहतो, कळप राहतो, पण वाट बंद होते. टीकाकारांच्या उताऱ्यांत हे मला दिसलं. सातवा उतारा पाहावा."

मी सातवा उतारा पाहिला. मुळात एवढं स्पष्ट नाही, त्यानं थोडं ओढून घेतलं आहे, आणि तसं मी त्याला सांगितलं. तो वाद घालायला लागला. मीही घातला. पंधरा-वीस मिनिटं आम्ही दोघं भांडलो, सातव्या उताऱ्यातल्या एका वाक्याचा रोख कुणाकडे आहे यावर. त्या पंधरा-वीस मिनिटांत मी कशासाठी आलो होतो हे मी विसरून गेलो, आणि मला वाटतं तोही विसरला. सुनंदा नंतर म्हणाली, "तुम्ही दोघं अगदी भावांसारखे भांडत होता."

शेवटी मी रीतीप्रमाणे विचारलं, "उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचं आहे?"

दगडूबांनी हात वर केला. "मास्तरला नाय. पुण्याच्या सायबाला इच्यारलं तर चालतंय का?"

"परीक्षकाला विचारायची रीत नाही," पुंजाराम म्हणाला.

"विचारा," मी म्हणालो.

"तर मग सायेब, तुमच्या मेंढरानं मास्तरची तूर खाल्ली का?"

सगळे हसले. मग हसणं थांबलं आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"खाल्ली," मी म्हणालो.

गयाबाईनं पोहे आणले. मी तिथेच फुलस्केप कागदावर अहवाल लिहिला : प्रबंध स्वीकारार्ह आहे, संदर्भ अचूक आहेत, तोंडी परीक्षा समाधानकारक झाली, पूर्वीचा अहवाल माझ्या चुकीमुळे दिला गेला होता. पुंजारामनं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि कागद परत केला.

"एक चूक लिहिलीय. दोन होत्या."

"दोन?"

"समास वाचला नाही, ती पहिली. ती माझ्या हातूनही झाली असती, तिचा राग माझा तेव्हाच गेला होता. पत्र आल्यावरची लिहिली नाही तुम्ही. आणि तिला चूक म्हणू नका."

मी कागद घेतला. माझा हात थांबला, हे लपवत नाही. कागद उद्या विद्यापीठात द्यायचा होता; त्यावर ते लिहिलं तर ते दुसरे वाचणार होते, माझे विद्यार्थी वाचणार होते, त्यांतले काही आता मोठे प्राध्यापक आहेत. गयाबाई पोह्यांची ताटली हातात धरून उभी होती, कुणाला देत नव्हती. मी लिहिलं : 'उमेदवाराचे पत्र मला मिळाले होते. त्यातील तक्ता मी पडताळला व तो बरोबर आढळला. तरीही स्वतःच्या पदासाठी मी ते जाणूनबुजून दडवले.' आणि सही केली.

"आता चहा," पुंजाराम म्हणाला.

माफ केलं असं तो बोलला नाही. मीही माफी मागितली नाही. परतीच्या बसपर्यंत सोडायला आला. गाडी सुटेपर्यंत सातव्या उताऱ्यावर बोलत होता.

चौथा दिवस : विद्यापीठ

सकाळी विद्यापीठात गेलो. विभागप्रमुख बाई चाळिशीच्या आतल्या. त्यांनी अहवाल वाचला, मग दार लावून घेतलं आणि पुन्हा वाचला.

"सर, पदवी आता देता येईल असं मला वाटत नाही. नियमात कुठंच बसत नाही हे."

"त्यांनी पदवी मागितलेली नाही. हा कागद त्यांच्या फाईलला लागला पाहिजे, एवढंच."

"आणि हे खालचं? हे तरी काढू या का? तुमचं नाव आम्ही वर्गात घेतो, सर."

"राहू द्या."

त्यांनी रेकॉर्डच्या खोलीत माणूस पाठवला. तासाभरानं लाल कापडातला बस्ता आला. धूळ झटकून त्या गृहस्थांनी फाईल काढली. वरच माझा जुना अहवाल होता, टाइप केलेला, आणि 'बनावट' हा शब्द कुणीतरी निळ्या पेन्सिलीनं अधोरेखित केलेला. सही ठसठशीत. त्या वयात मी फार ठसठशीत सही करत असे.

मी बाईंना म्हणालो, "हा शेरा आता खोडता येईल का? किंवा हा कागदच काढून टाकता येईल?"

"मला अधिकार नाही. पण कुलसचिवांना विचारते, कदाचित होईल."

मला पुंजारामला विचारावंसं वाटलं. फोन लावला. मागे शेळीचं ओरडणं ऐकू येत होतं. फाईल सापडली, हे त्याला सांगितलं.

"ते जुनं पान काढून टाकता येईल असं म्हणतात," मी म्हणालो. "काढू का?"

"नको, सर."

"त्यात तुम्हाला बनावट म्हटलंय, पुंजाराम."

"असू द्या. ते काढलं तर तुमचा कालचा कागद कशाबद्दल आहे, हे वाचणाऱ्याला कसं कळणार? ते राहू द्या, आणि हा त्यावर लावा. पण नीट लावा, सुटला नाय पाहिजे."

बाईंनी स्टेपलर पुढे केला. जुना कागद इतका कुरकुरीत झाला होता की पिन मारली तर फाटला असता. रेकॉर्डवाल्या गृहस्थांनी खिशातून टाचणी काढून दिली. खाली जुना अहवाल, वर नवा, असं धरून मी ती दोन्ही कागदांतून आरपार घातली.